मुख्याध्यापकांची दुसरी वाटी

आमच्या शाळेतल्या ललिताबाईंना बंद झाकण सहन होत नसे. आंधळगावच्या धानशेतीतल्या घरची ही मुलगी. वडिलांनी हौसेनं रेडिओ आणला, तर तो वाजण्याआधी हिनं उघडून पाहिला. भंडाऱ्याला राहून बी.एस्सी. झाली, लग्न होऊन शहापूरला आली, आणि शहात्तर साली आमच्याकडे विज्ञान शिकवू लागली. पुढे त्यांनी शाळेचं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ उघडलं. घड्याळ सुरू झालं, पण एक स्क्रू उरला. मुख्याध्यापक आनंदरावांनी तो टेबलाच्या खणात जपून ठेवला. बाई काही मागायला आल्या की ते खण उघडत आणि स्क्रू समोर ठेवत.

मी तिथं मराठी शिकवत होतो आणि या दोघांची भांडणं ऐकत होतो. दुसरं करण्यासारखं शहापुरात फारसं काही नव्हतं.

पंच्याऐंशी साली सरकारी योजनेतून शाळेला एक संगणक मिळाला. ललिताबाई नागपूरला जाऊन प्रशिक्षण घेऊन आल्या. तोवर आनंदरावांनी संगणकाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, यंत्र प्रयोगशाळेमागच्या खोलीत ठेवलं आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. माणूस वाईट नव्हता. पण मागे शाळेचा प्रोजेक्टर जळाला तेव्हा चौकशी त्यांच्या अंगावर आली होती. दुधानं तोंड पोळलं होतं, आता ताकही फुंकून पीत होते.

“सर, मुलींना हात तर लावू द्या,” बाई म्हणाल्या.

“बिघडलं तर? त्याच्या पोटात काय चालतं ते मलाच ठाऊक नाही. जे मला कळत नाही त्याची जबाबदारी मी घेत नाही. दिवाळी झाली की परत नागपूरला पाठवतो.”

“कळलं तर ठेवाल?”

“मला कळायला हवं. तुम्हाला नव्हे.”

“माझ्या शेजारच्या बेबीबाई शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. त्या चालवून दाखवतील.”

“संगणक?”

“संगणकाचं पोट.”

आनंदराव हसले. रविवारी येतो म्हणाले. बाहेर आल्यावर बाईंचे डोळे भरून आले होते. “हे यंत्र गेलं तर आपल्या मुली त्याचं चित्रच बघतील हो,” त्या मला म्हणाल्या. मला त्या यंत्राचं काही कळत नव्हतं, पण त्यांचा राग मला पुरेपूर कळला. मी मदतीला जायचं कबूल केलं.

शनिवारी बाईंच्या ओसरीवर तालीम झाली. भिंतीला टेकून चार पुठ्ठे, प्रत्येकावर एक हुकूम. समोर बेबीबाईंनी घरून आणलेल्या दोन वाट्या. पुठ्ठे आणि वाट्या ही यंत्राची स्मृती, बाई म्हणाल्या. करायचं काम आणि लागणारे आकडे दोन्ही तिथंच राहतात. पहिल्या वाटीत तांदळाचे चार दाणे, दुसरीत तीन. करायचं होतं चार त्रिक. पण यंत्राला पाढे येत नाहीत, फक्त बेरीज-वजाबाकी येते. म्हणून चार दाणे तीनदा टाकायचे, आणि किती वेळा टाकायचे राहिले ते दुसऱ्या वाटीनं सांगायचं.

बाई पुठ्ठा वाचणार: पहिला, दुसरी वाटी रिकामी असेल तर थांबा. दुसरा, पहिल्या वाटीत बघून तेवढेच दाणे पोत्यातून सुपात टाका. तिसरा, दुसरी वाटी आणा, एक दाणा काढा, वाटी जागेवर द्या. चौथा, पुन्हा पहिल्या पुठ्ठ्यावर जा. आता कुठल्या पुठ्ठ्यावर आहोत ते विसरू नये म्हणून एक चिंचोका पुढेपुढे सरकवायचा. दाण्यांचं सगळं काम सुपापाशी बसलेल्या बेबीबाई करणार. एक पुठ्ठा वाचायचा, समजून घ्यायचा, तेवढंच करायचं, मग पुढचा. यंत्राचं डोकं म्हणतात ते एवढंच.

आणि मी थाळी वाजवणार. एका ठोक्याला एकच काम. खऱ्या यंत्रात असे सेकंदाला वीस लाख ठोके पडतात, असं बाई म्हणाल्या. मी जरा जोर लावला तर बेबीबाई ओरडल्या, “हळू वाजवा नं मास्तर! मी का मशीन हाव?”

सुपात बारा दाणे पडले, दुसरी वाटी रिकामी झाली, सगळं थांबलं. बाईंनी बेबीबाईंना चहा पाजला.

रविवारी आनंदराव आले ते पिशवी घेऊन. पिशवीत त्यांच्या घरच्या दोन पितळी वाट्या. “तुमच्या वाट्या नकोत. हातचलाखी नको,” म्हणाले आणि वाट्या मांडून स्वतः त्यांच्यामागे पहारा देत बसले. बाईंनी दाणे घातले. मी थाळी वाजवली.

चार झाले. आठ झाले. बारा झाले. बाई थांबायच्या तयारीत पहिला पुठ्ठा वाचायला वळल्या, तर दुसऱ्या वाटीत एक दाणा होता. हुकूम म्हणजे हुकूम. सोळा झाले. पुन्हा वाटीत एक दाणा. वीस. चोवीस. मी वाजवतोय, बाई वाचताहेत, बेबीबाई इमानेइतबारे दाणे टाकताहेत, सूप भरत चाललंय. बाईंचा चेहरा उतरला. माझा हात भरून आला, पण थांबा कोणी म्हणेना.

“चार त्रिक चाळीस होऊन गेले ललिताबाई,” आनंदराव म्हणाले. “आता पोतं संपेपर्यंत बसायचं का?”

बाईंनी माझा हात धरला. मग बेबीबाईंना अगदी हळू म्हणाल्या, “बेबीबाई, एक दाना काढला?”

“काढला नं. तुमच्यासमोरच काढला.”

“मग वाटीत हा कुठून आला?”

“तो मी टाकला, माह्या पदरातला.”

“काहून टाकला वं?”

बेबीबाईंनी बाईंकडे असं पाहिलं, जणू शिकलीसवरली बाई आणि एवढं कळत नाही. “सरायच्या घरची वाटी हाय. दुसऱ्याच्या घरची वाटी रिकामी वापस देतेत का? काल माह्याच घरच्या वाट्या होत्या, त्याची बात अलग.”

आनंदरावांनी आपल्या वाटीकडे पाहिलं. त्यात त्यांच्या घराचा मान म्हणून ठेवलेला एक दाणा होता. हसावं की नाही ते त्यांना कळेना.

“ललिताबाई, ते यंत्रही असंच चालत राहील? काहीतरी चुकतंय असं म्हणणार नाही?”

“नाही सर. त्याला चूक कळत नाही, हुकूम कळतो. वाटी रिकामी दिसेपर्यंत ते थांबणार नाही.”

“मग लोक म्हणणार बिघडलं.”

“म्हणतीलच. पण ते बिघडलेलं नसतं. दाणा कुठून येतोय तो शोधायचा असतो. तो शोधायला मुलींनी हात लावायला नको का?”

बाईंनी बेबीबाईंना विनवलं, आणि त्यांनी देवाची माफी मागून दुसरी वाटी रिकामी परत दिली. सगळं थांबलं.

आनंदराव निघाले तेव्हा बाईंनी दोन्ही वाट्या पुसून त्यांच्या पुढ्यात धरल्या. पहिलीत मूठभर तांदूळ होते. दुसरी रिकामी होती.

“ही काय रीत झाली?” आनंदराव म्हणाले.

“सर, रिकामी वाटी दिसली की थांबायचं. तुम्ही पण ‘नाही’ म्हणणं थांबवा आता.”

आनंदरावांनी खिशातून किल्ली काढून दुसऱ्या वाटीत टाकली आणि वाटी बाईंच्या हातात ठेवली. “स्क्रू उरू देऊ नका,” एवढंच म्हणाले.

दिवाळीनंतर नववीच्या मुली त्या खोलीत बसल्या. बाईंनी त्यांना आधी वाट्यांचा तो खेळ शिकवला होता, बेबीबाईंच्या दाण्यासकट. त्यांनी लिहिलेला पहिलाच प्रोग्राम सुरू झाला तो थांबेना. पडद्यावरून आकडे धावत सुटले. मी घाबरून आनंदरावांना बोलवायला निघालो, तर ते दारातच उभे होते. ललिताबाई शांत होत्या. “काय झालं असेल?” त्यांनी मुलींना विचारलं.

पहिल्या रांगेतली मुलगी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “काही बिघडलं नाई, बाई. कोनीतरी वाटीत दाना टाकून राहिलं.”