घागरीवाल्या बाईची नोंद

इतिहासात एम.ए. करून मी लातूरहून चिंचवडला आले आणि चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांची यादी संगणकात भरायला लागले. सहा वर्षं तेच केलं. मग त्याच पट्ट्यातल्या एका जुन्या कंपनीच्या मालकांनी आपल्याकडच्या चित्रांचं संग्रहालय काढायचं ठरवलं. हिला इतिहासही येतो आणि एंट्रीही येते, म्हणून मला तिथे घेतलं. आईला फोनवर सांगितलं, आता बोल्टांऐवजी माणसं भरायची. ती म्हणाली, "बरं झालं बाई, सावलीतलं काम हाय."

संग्रहालय कंपनीच्या सगळ्यात पहिल्या शेडमध्ये होतं. मशिनं हलवून भिंती पांढऱ्या केल्या होत्या, एसी लावले होते. नोंदींचं सॉफ्टवेअर माण गावातल्या एका आयटी कंपनीने बनवलेलं. प्रत्येक चित्राच्या पानावर लाल फुलीचा एक रकाना होता: चित्रातील व्यक्ती. तो रिकामा ठेवला की पान सेव्हच व्हायचं नाही.

राजे, सरदार, त्यांच्या राण्या यांचं सोपं होतं. एका चित्रात घोड्यावर बसलेला सरदार होता आणि लगाम धरून उभा असलेला मोतद्दार. जुन्या वहीत सरदाराचं नाव होतं, घोड्याचंही होतं. मोतद्दाराला मी 'अज्ञात पुरुष ७' केलं. महिन्याभरात माझ्याकडे अज्ञातांची फौज जमली. आमच्या प्रमुख मॅडम खूश होत्या. रकाने भरले जात होते. बोल्टाच्या बाबतीत असं केलं असतं तर मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

'पाणी भरणारी स्त्री' या मोठ्या तैलचित्राशी मी आले तेव्हा शेजारी झाडलोट करणाऱ्या मावशी फरशी पुसत होत्या. त्या इथल्याच, बाजूच्या गावच्या. लॅपटॉपकडे बघून म्हणाल्या, "काय लिवताय ताई?"

"अज्ञात स्त्री. म्हणजे ही कोण ते कुणालाच माहीत नाही."

"कुनाला म्हाईत न्हाई? आत्या हाय माझी."

मी टाइप करायची थांबले. "अहो मावशी, तीन महिने रोज हिच्यासमोर पुसताय. बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं कुटं?"

ते खरंच होतं. माझ्या एम.ए.ला माणसांना विचारून इतिहास लिहायचा एक विषय होता, पण त्यात मावशी नव्हत्या.

आत्या राजगुरुनगरला लेकीकडे राहत होत्या. पुढच्या सोमवारी मावशी त्यांना घेऊन आल्या. उंच, ताठ बाई, डोळ्यावर जाड भिंगांचा चष्मा. चित्रासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं आता रडतील. मी खुर्ची आणली, पाणी आणलं.

"ही घागर माझी न्हाई," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आमी हितं कामाला व्हतो. हीच शेड बांधत व्हते. तवाच्या मालकानं एक चित्रकार आनला व्हता, त्यो समदीकडं फिरायचा. मला म्हनला, ऱ्हा उभी. माझ्या डोक्यावर मालाचं घमेलं. म्हनला, घमेलं चित्रात बरं दिसत न्हाई. मग मुकादमाच्या घरची घागर आनली. दोन दिस निस्ती उभी केली मला. पानी न्हाई काय न्हाई, रिकामी घागर."

मी हे सगळं लिहून घेतलं. नोंदीत चित्रातल्या व्यक्तीचा व्यवसाय निवडायचा होता. यादीत राजा, योद्धा, संत, नर्तकी, गवळण असे पर्याय होते. मजूर नव्हता. मी 'इतर' निवडलं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्याच. उद्घाटन पंधरा दिवसांवर होतं. "चित्रातली स्त्री प्रत्यक्ष आपल्यासमोर! पेपरवाल्यांना बोलवू. फक्त पुरावा घ्या, आधार कार्ड वगैरे."

आधार कार्ड आलं आणि घोळ झाला. त्याच्यावर आत्यांचं सासरचं नाव होतं. नुसतं आडनाव नाही, पहिलं नावही. लग्नात तांदळावर लिहून बदललेलं.

"ह्ये नका लिवू," आत्या म्हणाल्या. "चित्रात माझं लगीन झालं न्हवतं. तवा माझं म्हायेरचं नाव व्हतं, त्येच लिवा."

मी मॅडमकडे गेले. "डॉक्युमेंट काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"सासरचं."

"मग झालं तर."

मी सासरचं नाव भरलं. नोकरी माझी नवीन होती, एवढंच त्याचं कारण. पान एका झटक्यात सेव्ह झालं.

उद्घाटनाला आत्या नवं लुगडं नेसून आल्या. मालक स्वतः त्यांना हात धरून चित्राशी घेऊन गेले. फोटोवाले तयार. आत्यांनी चष्मा सावरून खालची नावाची पितळी पट्टी एकेक अक्षर लावत वाचली, आणि बाजूला सरकल्या.

"मी न्हाई हुबी ऱ्हानार."

"का हो आजी?" मालकांनी विचारलं.

"ही बाई येगळी हाय. हिला बलवा अन् तिचा फोटू काढा."

मालकांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे. "बदला, लगेच," त्या दात आवळून म्हणाल्या. मी ऑफिसात पळत गेले, कागदावर मोठ्या अक्षरात माहेरचं नाव छापलं आणि पट्टीवर चिकटपट्टीने डकवलं. आत्यांनी तेही वाचलं. मग त्या उभ्या राहिल्या, दोन्ही हात खाली सोडून.

सॉफ्टवेअरमधलं नाव मात्र माझ्या हातात नव्हतं. एकदा पुरावा जोडला की नाव बदलायला माणच्या आयटीवाल्यांना विनंती पाठवावी लागते. मी पाठवली. दोन महिन्यांनी उत्तर आलं की जुनं नाव पुराव्यासह असल्यामुळे काढता येत नाही, पण विनंतीतलं नाव जोडलेलं आहे. पान उघडून बघते तर खाली लिहिलेलं: चित्रातील व्यक्ती, दोन. एक सासरची, एक माहेरची. दोघींना वेगवेगळे नंबर.

वेबसाइटवर हे दिसायला लागल्यावर एका शाळेच्या बाई मुलांना घेऊन आल्या आणि त्यांनी मला विचारलं, दुसरी स्त्री कुठे आहे? मुलं घागरीच्या मागे, झाडीत शोधत होती. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

त्या दिवशी मी आत्यांना फोन केला. वाटलं, चिडतील. त्यांनी मला सगळं दोनदा सांगायला लावलं.

"दोघी?"

"हो. मी परत विनंती पाठवते, एकच ठेवा म्हणून."

"नगं," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. कवातरी घमेल्याचं तेवढं लिव पोरी."

वर्णनाच्या रकान्यात पाचशे अक्षरं मावतात. मी घमेलं, मुकादम, रिकामी घागर, सगळं बसवलं. चित्राचं 'पाणी भरणारी स्त्री' हे नाव बदलायचा अधिकार मात्र फक्त मालकांना आहे, म्हणून तिथे त्या दोघी अजून पाणीच भरतायत.