दिवा मंद करायला लावणाऱ्या बाई

कोणी उत्साहाने निष्कर्ष सांगायला गेलं की आमच्या बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "किती वेळ पाहिलंत?" उत्तर मिनिटांत आलं तर म्हणायच्या, "एवढ्यात आमचा चहासुद्धा उकळत नाही."

त्या वर्षांत पुण्यातला जो तो सॉफ्टवेअरमध्ये जात होता. बाई मात्र नारायण पेठेतून सायकलवर प्रयोगशाळेत येऊन मायक्रोस्कोपखाली पेशीभोवतीच्या स्निग्ध पडद्याकडे बघत बसायच्या. त्या पडद्यात वेगवेगळ्या जातींचे रेणू मिसळलेले असतात. तो थंड केला की काही रेणू एकत्र येतात, त्यांचे ठिपके होतात, ठिपके एकमेकांत मिसळून मोठे होत जातात. याला किती वेळ लागतो ते मोजणं हे बाईंच्या हाताखालचं माझं संशोधन.

माझे ठिपके सुरेख आले. "मंद दिव्यातही पाहिलंत ना?" बाईंनी विचारलं. प्रखर प्रकाशाने रेणूच बिघडतात आणि नसलेले ठिपके दिसू लागतात, अशी त्यांना शंका होती. मला एका कंपनीत मुलाखतीला जायची घाई होती. "हो," म्हणालो. पाहिलं नव्हतं.

लेख छापून आला. पुढे एकदा मंद दिव्यात पाहिलं, तर पडदा कोरा. दोन दिवस पुन्हापुन्हा पाहिलं, तरी कोराच. तिसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगितलं आणि वर म्हणालो, "लेख मागे घ्यायलाच हवा का? कोणाला कळणार आहे?"

"तुम्हाला कळलंय. तुम्ही कोणीच नाही का?"

त्याच दुपारी त्यांनी लेख मागे घेत असल्याचं पत्र संपादकांना लिहिलं. त्यात माझं नाव नव्हतं. 'तपासणीत कसूर माझ्याकडून झाली' एवढंच होतं. त्या वर्षी त्यांची बढती हुकली. मला म्हणाल्या, "मिश्रण बदला. दिवा क्षणभरच लावा. पुन्हा सुरू करा."

वर्षभराने खरे ठिपके दिसले, फार सावकाश वाढणारे. तोवर मी नोकरी पत्करली होती. प्रयोगशाळेतल्या शेवटच्या दिवशी माफी मागायची असं ठरवून गेलो. बाई मायक्रोस्कोपवर होत्या. "बसा," म्हणत त्यांनी खुर्ची दिली. दोन ठिपके नुकतेच टेकले होते. त्यांचा एक लांबट ठिपका झाला, मग तो हळूहळू गोल होत गेला. आम्ही आळीपाळीने बघत राहिलो. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की माझ्याच्याने विषय काढवेना.

बाई गेल्याचं परवा कळलं. माफी मागायची राहिली.