काळी सुरी कुठल्या पायात

डोळा लागतोय म्हणेपर्यंत उघडतो, पुन्हा मिटतो. इथल्या घड्याळात दुपारचे तीन वाजलेत, पण माझं अंग अजून कोल्हापूरच्या वेळेवर चालतंय, त्याच्या लेखी दिवेलागण झालीय. इन्व्हरनेसमधलं हे गेस्ट हाऊस, खिडकीखाली नदी, आणि उशाशी टेबलावर मखमलीच्या तुकड्यावर ठेवलेल्या दोन सुऱ्या. दोन्ही वीतभर. उद्या माझ्या विशूचं लग्न आहे, कर्स्टी नावाच्या इथल्या मुलीशी, आणि माझा मुलगा उद्या घागरा घालणार आहे. किल्ट म्हणायचं, घागरा म्हटलं की चिडतो. त्याच्याखाली गुडघ्यापर्यंत लोकरीचे मोजे, आणि मोज्यात ही सुरी खोचायची, नुसती मूठ वर दिसेल अशी. स्कीअन डू म्हणतात तिला, म्हणजे काळी सुरी.

व्याही डंकन म्हणाले, आमच्या घरात नवरदेवाच्या मोज्यात सुरी त्याची आई खोचते, आणि निवडतेही तीच. मान दिला हो त्यांनी. दुकानदारही भला माणूस, त्यानं दोन्ही बरोबर दिल्या. घरी नीट बघा म्हणाला, उद्या एक परत आणा. मग गळ्यातली टेप सारखी करत त्यानं विचारलं, मुलाचा हात कुठला? डावरा की उजवा? ज्या हाताचा माणूस, त्याच बाजूच्या पायात सुरी खोचतात. आणि मी तिथं मख्खासारखी उभी राहिले. पोटच्या पोराचा हात कुठला, ते मला सांगता येईना.

विशू जन्माचा डावरा. चमचा डाव्या हातात, चेंडू डाव्या हातात, मला मारायचा तोही डाव्या हातानं. तो चार वर्षांचा असताना ह्यांना क्षयानं गाठलं. मी मिरजेच्या दवाखान्यात ह्यांच्याजवळ अडकले आणि पोर राहिलं माझ्या थोरल्या नणंदेकडे, कोल्हापुरात. हे बरे झाले, मी परत आले, तर पोरगं उजव्या हातानं जेवतंय, उजव्या हातानं पाटीवर गिरवतंय आणि बोलताना अडखळतंय. सगळ्यांनी वन्संचं कोण कौतुक केलं, काय वळण लावलंय म्हणून. कसं लावलं, असं मी विचारलं की त्या हसून म्हणायच्या, मायेनं गं. विशूला विचारलं की तो अंगणात पळायचा. वन्सं जाऊन तीन वर्षं झाली, मला शेवटपर्यंत दुसरं उत्तर मिळालं नाही.

पापण्या जड होतायत. नदीचा आवाज लांब जातोय, मग अगदी कानाशी येतोय.

"खड्याची घे," वन्सं म्हणतात.

मी त्या दुकानातच आहे. काउंटरपाशी उंच स्टुलावर वन्सं बसल्यात, डोक्यावरून पदर, पाय जमिनीला टेकत नाहीत. दुकानदार टेप लावून त्यांच्या खांद्याचं माप घेतोय आणि त्यांना त्याचं काहीच नाही. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

"तुम्हाला कुणी बोलावलं इथं?"

"भाच्याच्या लग्नाला बोलावणं लागतंय व्हय?"

"मेलात तुम्ही, वन्सं."

"मग? म्हणून अंगावरची हळद चुकवू काय पोराची?" त्या दोन्ही सुऱ्या पुढे ओढतात. एकीची मूठ सांबरशिंगाची, डोक्यावर पिवळा खडा, म्यानाला चांदीची पट्टी. दुसरी साध्या काळ्या लाकडाची, नाव घेण्यासारखं काही नाही तिच्यात. वन्सं खड्याची सुरी उपसून पात्यावर अंगठा फिरवतात. "धार न्हाई हिला. पण धार बघतंय कोण? चारचौघांत उठून दिसली पायजे. ती काळी बघ, भाजीवालीच्या पाटीतली."

"मी निवडणार आहे. आई मी आहे."

"निवड की. ही घे." त्या सुरी माझ्याकडे धरतात.

"हातात देऊ नका, खाली ठेवा. हातोहात सुरी दिली की भांडण होतं."

"आता आणि कुठलं व्हायचं राहिलंय गं?"

दुकानदार वर न बघता स्वच्छ मराठीत विचारतो, "हात कुठला म्हणालात?"

"डावा," मी म्हणते.

"उजवा," वन्सं म्हणतात. अगदी माझ्या बरोबरीनं.

दुकानदार थांबतो, टेप गुंडाळतो आणि काउंटरची फळी उचलून आम्हाला आत या म्हणतो. फळीपलीकडे वन्संचं कोल्हापूरचं स्वयंपाकघर आहे. शेगडीवर रस्सा उकळतोय, मिरचीचा ठसका लागतोय, आणि खिडकीबाहेर इन्व्हरनेसची नदी वाहतेय. पाटावर विशू जेवायला बसलाय. आजचा विशू, बत्तीस वर्षांचा, दाढीवाला. काळा कोट, किल्ट, मोजे, आणि एवढ्याशा पाटावर त्याचे गुडघे वर आलेत. तो उजव्या हातानं भाकरी मोडतोय. माझ्याकडे बघत नाही.

"बघ, कसा देखणा जेवतोय," वन्सं म्हणतात.

त्याचा डावा हात मला दिसत नाही. मी वाकून बघते. हात खांद्याच्या वर गेलाय, मनगट खिडकीच्या गजाला बांधलंय, परकराच्या नाडीनं. गाठीवर गाठ. नाडी जिथं काचते तिथं कातडी पांढरी पडलीय.

माझ्या तोंडून शब्द फुटतो तो शिवीच्या बेतानं फुटतो. "ही तुमची माया?"

"हीच. दुसरी कुठली?" वन्सं रस्सा ढवळत म्हणतात. "थोडेच दिवस बांधावी लागली. मग नुसती दाखवली की पुरे."

"चार वर्षांचं पोर होतं ते!"

"आणि पंगतीत डाव्या हातानं जेवत होतं. लोकांनी कुणाच्या नावानं बोटं मोडली असती? तुझ्या. आईनं वळण लावलं न्हाई म्हणाले असते. तुझी अब्रू मी राखली. रात्री झोपेत रडायचं, तर उशाशी मी बसायचे. तू कुठं होतीस गं तेव्हा?"

"तुमच्या भावाच्या उशाशी होते! मिरजेत! त्यांची थुंकीची भांडी धूत होते. तुमच्या भरवशावर टाकलं होतं पोर, आणि तुम्ही त्याला गुरासारखं बांधलंत. वर त्याची जीभ अडखळायला लागली तर म्हणालात, आजोळचा गुण आहे. माझ्या माहेरावर ढकललंत!"

"मग कशावर ढकलू? स्वतःवर?" असं म्हणून त्या हसतात, आणि मला त्यांच्या तोंडावर उकळता रस्सा फेकावासा वाटतो. खरंच वाटतो. मेलेल्या बाईवर हात टाकायला माझी काही हरकत नाही.

मी खड्याची सुरी उचलते आणि नाडीवर चालवते. पातं नुसतं घसरतंय, मी जोर लावतेय, नाडीचा एक धागा सुटत नाही. पिवळा खडा तळहाताला टोचतोय. विशू जेवतोय.

"धार न्हाई म्हटलं नव्हतं तुला?" वन्सं म्हणतात.

मी ती फेकते. काळी सुरी मोरीच्या कट्ट्यावर आहे, दुकानाच्या काउंटरवर आहे, माझ्या हातात आहे. वन्सं झटकन माझं मनगट धरतात. बांगड्या रुततात. त्यांचा हात चांगलाच कढत आहे, आजारपणात असायचा तसा.

"काप," त्या म्हणतात. आता त्या हसत नाहीयेत. "काप, काप. पण उद्या लग्नाच्या कागदावर सही करताना तो हात कुठला उचलणार आहे? उजवा. तो मी दिलाय. तुला तो कापता यायचा न्हाई."

"सोडा मला."

"तुझं त्याच्यात काय आहे, सांग की. जेवतो माझ्या हातानं, लिहितो माझ्या हातानं."

"माफी मागा त्याची."

"न्हाई."

"वन्सं, तो तुमच्या पुढ्यात बसलाय. एकदा मागा."

"मी चुकले न्हाई," वन्सं म्हणतात, आणि त्यांना ते खरंच वाटतंय, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसतं. त्यानं माझा राग तसूभर कमी होत नाही, उलट वाढतो. मी मनगट हिसडते आणि काळी सुरी नाडीवर ठेवते. एकाच ओढीत नाडी तुटते. तुकडा माझ्या मुठीत येतो.

पण विशूचा हात खाली येत नाही. बांधलेलं काही उरलं नाही, गज मोकळा आहे, तरी हात तसाच वर, खिडकीपाशी. उजव्या हातानं तो ताट पुसून घेतोय.

"विशू, हात खाली घे रे. विशू!"

"बघितलंस?" वन्सं म्हणतात आणि शेगडीखालचा जाळ सारतात. कुणीतरी दार ठोठावतंय.

"आई? जा... जागी आहेस?"

दार उघडंच आहे. विशू उंबऱ्यात उभा आहे, किल्ट घालून बघायला आलाय, वर घरातलाच टी-शर्ट आणि खाली नवे मोजे. मी पलंगावर उठून बसते. टेबलावर खड्याची सुरी आहे तशी मखमलीवर आहे, काळी म्यानाबाहेर पडलीय. आणि माझी उजवी मूठ वळलेली आहे, ती मला बोटं एकेक करून उघडावी लागते. आत नाडीचा तुकडा आहे. जुनी, पिवळट पडलेली, एका टोकाला गाठीवर गाठ आणि दुसरं टोक सरळ कापलेलं. माझे परकर खुर्चीवर पडलेत, त्यांच्या नाड्या धडधाकट आहेत.

"नि... निवडलीस का?" विशू विचारत आत येतो. मग त्याला माझ्या तळहातावरची नाडी दिसते.

त्याचा डावा हात हळूच पाठीमागे जातो. त्याचं त्यालाही कळलेलं नाही, तो नुसता नाडीकडे बघत उभा आहे. मला हंबरडा फोडावासा वाटतो आणि त्याच वेळी कुणाचा तरी गळा धरावासा वाटतो, पण गळा धरायला इथं कुणी नाही.

मी नाडी उशीखाली सारते. काळी सुरी म्यानात घालते आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसते.

"कुठल्या पायात खोचू?" मी विचारते.

"तू सांग ना. तू... तुम्ही लोक ठरवा."

"नाही. मी नाही, तुझी आत्याही नाही. तू सांग."

तो खाली आपल्या नव्या मोज्यांकडे बघतो. हात अजून पाठीमागेच आहे. मग तो डावा पाय पुढे करतो.