दुसरा प्रश्न

तिच्या पायाला भिंगरी, म्हणून कोर्टात तिचं नावच भिंगरी पडलं होतं.

उमेदीची वर्षं तिने विमा कंपन्यांची वकिली केली. अपघातातला जखमी साक्षीला उभा राहिला, की ती बोलता बोलता पाण्याचा पेला त्याच्या दुखऱ्या हाताकडे करायची. माणूस सवयीने हात उचलायचा. "झालं, साहेब," म्हणत ती बसायची. दावा आडवा! पुढे कंपन्यांनी तरणे वकील धरले आणि ती जखमींच्या बाजूने उभी राहू लागली. कुणी टोचलंच तर म्हणायची, "पोट काय, दोन्ही बाजूंनी भरतं."

आज तिच्या अशिलाची, टेलर मास्तरांची उलटतपासणी. ट्रकच्या धडकेने त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. कंपनी म्हणे, सोंग आहे. दावा फेटाळला तर दुकान बंद.

"आई, चहा तरी बसून घे!" सकाळी लेक ओरडली.

"बसलं की सुचत नाही."

"मग उभ्याने काय सुचलं?"

"मास्तरांना पाण्याचं बजावलंय, फाइलचं बजावलंय. काहीतरी राहिलंय गं!"

कोर्टात समोर कंपनीचा वकील म्हणून तिचाच जुना ज्युनिअर. त्याने पेला पुढे केला; मास्तरांनी डाव्या हाताने घेतला. फाइलही डाव्याने. भिंगरी खुर्चीच्या कडेवर कशीबशी टेकली होती.

तो हसत जवळ गेला. "मास्तर, हा माझा कोट खांद्यात ओढतो हो. कुठे चुकलंय?"

"बाही मागे बसवलीय. कोणी शिवला हा?" मास्तर पुढे झुकले आणि उजव्या हाताने त्यांनी खांद्याची शिवण चिमटीत धरली.

"झालं, साहेब," ज्युनिअर म्हणाला.

तिचंच वाक्य! ती ताडकन उठली.

"मास्तर, पुन्हा धरा ती शिवण."

"बाई, आता कशाला..."

"धरा. आणि सोडू नका. वकीलसाहेब, हलू नका हं, माप चुकेल."

कोर्टात खसखस पिकली. मग हळूहळू थांबली. मास्तरांचा हात थरथरू लागला, कपाळावर घाम आला, आणि कोपर निखळल्यासारखं खाली आलं. डाव्या हाताने त्यांनी ते झेललं.

"बाही बसवायला हात किती वेळ वर लागतो?"

"बसेपर्यंत, बाई," मास्तर धापा टाकत म्हणाले.

न्यायाधीशांनी टायपिस्टला सांगितलं, "लिहा. हात वर जातो, टिकत नाही."

दावा तिथेच तगला. बाहेर व्हरांड्यात ज्युनिअरने तिला गाठलं.

"मॅडम, हात वर गेला की खाली बसायचं, एवढंच शिकवलं होतंत. हा दुसरा प्रश्न कुठे होता?"

"त्या वर्षांत मी तरी तो कुणाला विचारला होता?"

बाकावरून मास्तर म्हणाले, "बाई, जिंकलो ना? टेका की घटकाभर."

ती टेकली. लगेच उठली. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली.