लक्ष दुसरीकडं

पलूसच्या आमच्या शाळेत नूरजहां मणेर मॅडमना आम्ही मास्तरलोक 'तिजोरी' म्हणायचो. पोरांच्या घरच्या भानगडी आम्ही चहाबरोबर चघळायचो; बाई मात्र मुकाट वह्या तपासायच्या. त्यांचे वडील कुतुबुद्दीन चाचा दारोदार बांगड्या भरत फिरायचे. एखादीच्या मनगटावर वळ दिसला तर बांगडी जरा हलक्या हातानं चढवायचे, पण या घरचं त्या घरी त्यांनी कधी नेलं नाही. लेकीनं तोच वसा घेतला होता.

त्यामुळं दहावीतली अंकिता त्यांच्यापाशीच मोकळी झाली. तिला उजव्या कानानं ऐकू येईनासं झालं होतं. वडील नानासो हे फौजेतून आलेले हवालदार. लेक पोलिसात जाणार म्हणून रोज पहाटे तिला पळायला न्यायचे. कानाचं कळलं तर ते खचतील, ही तिची धास्ती. "घरी न्हाई ना सांगणार, मॅडम?" तिनं विचारलं. परीक्षा झाली की दोघी मिळून सांगू, तोवर नाही, असा बाईंनी शब्द दिला.

पालकसभेत नानासोंनी विचारलं, गुण का घसरले? मी शेजारीच बसलो होतो. बाईंना खोटं बोलवेना आणि शब्दही मोडवेना. त्या म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे. हल्ली जरा तिचं लक्ष दुसरीकडं असतं."

आमच्याकडं वयात आलेल्या पोरीबद्दल या वाक्याचा एकच अर्थ होतो. नानासोंचा चेहरा पडला. 'कुणाकडं?' एवढं विचारलं असतं तरी निभावलं असतं, पण चारचौघांत आपल्या अब्रूचं कोण विचारणार? ते हात जोडून निघून गेले.

घरी त्यांनी पोराचं नाव विचारलं. अंकिताकडं सांगायला नावच नव्हतं. तिच्या गप्प राहण्याचाही त्यांनी तोच अर्थ लावला आणि डाव्या कानाखाली वाजवली. सकाळी तिला म्हसवडला आत्याकडं धाडलं. तिची शाळा सुटली.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या मला घेऊन नानासोंच्या दारात गेल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. नानासो उंबऱ्यावर मटकन बसले.

"आवं मॅडम, मग तवाच कान म्हणायचं हुतं की. म्या काय लेकीचा वैरी हाय व्हय?"

मला दोघांचाही राग आला आणि कीवही दोघांची आली.

आम्ही तिघं तसेच म्हसवडला गेलो. अंकिता अंगणात धुणं वाळत घालत होती. बाईंनी मागून हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. नानासोंनी मारली, तरी नाही. मग बाईंनी पुढं होऊन तिचे ओले हात हातात घेतले आणि रडत रडत माफी मागू लागल्या. अंकिता त्यांच्या ओठांकडं एकटक बघत राहिली.

"मॅडम, जरा मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "आता ह्या कानानंबी नीट ऐकू येत न्हाई."