कर्ण्यातला भाऊ

पिस्त्याचं झाड लावणारा माणूस काळाशी करार करतो. आमच्या बँकेच्या माहितीपत्रकात हे वाक्य पहिल्याच पानावर, वाळवंटातल्या सूर्योदयाच्या फोटोखाली छापलेलं आहे. ते लिहिणारा माझ्यापासून दोन टेबलं पलीकडे बसतो. पिस्त्याचं झाड त्याने अजून पाहिलेलं नाही, आणि टेबलावरचा मनीप्लांट त्याच्याच्याने जगलेला नाही.

मी रियाधला शेतीकर्जाच्या विभागात आहे. खजूर सगळ्यांकडेच असतो, ऑलिव्ह जुनं झालं, आता पिस्ता. मीटिंगमध्ये कुणी हा शब्द उच्चारला की माणसं खुर्चीत सरळ होतात. उत्तरेच्या पठारावर हिवाळ्यात चांगली थंडी पडते आणि या झाडाला ती लागते. शिवाय सात-आठ वर्षांचा धीर लागतो. तो बँकेकडे नसल्यामुळे आम्ही मधूनमधून जाऊन बघून येतो.

तबूकच्या बाजूची ती बाग जुन्या गव्हाच्या जमिनीवर उभी आहे. एके काळी इथे गोल फिरणाऱ्या पाइपांनी जमिनीतलं पाणी उपसून गहू पिकवत. पाणी खोल गेलं, गहू बंद झाला, वर्तुळं राहिली. विमानातून ती दिसतात. कुणीतरी जमिनीवर गरम पातेली ठेवून उचलून नेल्यासारखी. पाइपांचे गंजके सांगाडे अजून चाकांवर उभे आहेत. वारा सुटला की ते कण्हतात. पहिल्या भेटीत मला वाटलं होतं, या जागेची भीती वाटायला एवढं पुरे आहे.

मग झाडांमधून कुणीतरी मराठीत ओरडलं.

"हाऽऽ हाऽऽ! ऊठ मेल्या! बापाची बाग आहे काय तुझ्या?"

मी खरोखर उठून उभा राहिलो. आसपास माणूस नव्हता. झाडांच्या सरळ रांगा, ठिबकच्या नळ्या, ऊन. थोड्या वेळाने तोच आवाज, आता जरा लाडात आल्यासारखा: "ए धाकट्या, झोपलास काय रे? बघ तिकडे, खाल्लनी सगळं!"

बागेचा मुकादम माझ्या मागे येऊन उभा होता. रत्नागिरीकडचा, पन्नाशी ओलांडलेला, दाढी मेंदीने रंगवलेली. सगळे त्याला चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

"घाबरलात साहेब?"

"कोण आहे तिकडे?"

"कोण नाय. खांबावर कर्णा आहे. आवाज माझ्या भाईचा." त्याने डोक्यावरचा रुमाल काढून पुन्हा बांधला. "भाई मागच्या हिवाळ्यात वारला."

पिस्ता भरायला लागला की पोपटांचे थवे आणि कावळे उतरतात. त्यांना पळवायला कफीलने, म्हणजे बागेच्या मालकाने, परदेशातून एक यंत्र मागवलं होतं. त्यातून ससाण्याचा आवाज यायचा आणि पक्षी तो कौतुकाने ऐकायचे. थोरल्या भावाचं लहानपण घरच्या भाताच्या खाचरावर पोपटांना शिव्या देण्यात गेलेलं. त्याने बांधावर उभं राहून एक आरोळी ठोकली आणि बागच्या बाग रिकामी झाली. कफील इतका खूश झाला की त्याने फोनवर तो आवाज भरून घेतला आणि कर्ण्याला जोडला. आवाज भरताना धाकटा, म्हणजे चाचा, शेजारीच झाडाखाली पेंगत होता. त्याला मारलेली हाकही त्यात गेली.

त्यानंतरच्या थंडीत थोरला छाती धरून बसला तो उठला नाही. त्याला इथल्याच कबरस्तानात पुरलं. इथल्या रिवाजाप्रमाणे कबरीवर साधा दगड असतो, नाव नसतं. धाकटा दुसऱ्यांदा गेला तेव्हा त्याला दगड ओळखता आला नाही. आवाज मात्र उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालू होता.

"पहिल्यापहिल्यांदा ताटावरून उठायचो," चाचा म्हणाला. "'आलो आलो' म्हणायचो. पोरं हसायची. आता हसत नायत, ते जास्त वाईट."

"आणि आता उठत नाही?"

"आता बसूनच 'आलो' म्हणतो."

त्याला कायमचं घरी जायचं होतं. मुलगी कॉलेजात होती, घराला नवीन पत्रे पडले होते, कफीलही सोडायला तयार होता. "पण साहेब, भाई रोज हाक मारतोय. आणि मी पेटी उचलून विमानात बसू?"

"मग बंद करायला सांगा ना."

"आणि पोपट? ही झाडं भाईने हाताने लावलीत. पहिलं मोठं पीक यंदा. त्याचा आवाज बंद करून त्याचंच पीक पाखरांना घालू?"

यावर बँकेचं काही धोरण नव्हतं. मी चहा प्यायलो.

जुलैमध्ये हंगामाच्या उद्घाटनाला मला परत जावं लागलं. वाळूवर गालिचे, तंबू, तंबूत गार हवेचे पंखे, वर ड्रोन. पीक तयार व्हायला अवकाश होता, त्यामुळे पाहुण्यांसमोरच्या बशांत आलेले पिस्ते इराणी जातीचे, अमेरिकेत पिकलेले आणि दुबईहून आणलेले होते. एका मोठ्या अधिकाऱ्याचं भाषण सुरू झालं. वाळवंट, स्वप्न, पुढच्या पिढ्या. त्यांनी श्वास घ्यायला थांबावं आणि खांबावरून आवाज यावा:

"खाल्लनी सगळं!"

पाहुण्यांनी हातातले पिस्ते खाली ठेवले नाहीत, कारण त्यांना मराठी येत नव्हतं. मी बुटांकडे बघत राहिलो. तंबूच्या दाराशी चाचा उभा होता. त्याचे ओठ हलले. 'आलो' म्हणाला असणार.

गाड्या निघून गेल्यावर कफीलने मला बोलावलं. म्हातारा निवृत्त शाळामास्तर होता, आणि वर्गात चिठ्ठी पकडल्यासारखं बघायचा.

"हा आवाज तुझ्या भाषेत आहे ना? पाहुणे विचारत होते. काय म्हणतो तो?"

"पक्ष्यांना हाकलतो," मी म्हणालो.

"मला हाकलतो," चाचा म्हणाला. त्याने हे हिंदीत सांगितलं, मग अरबीत. जे अरबीत जमेना ते हाताने दाखवलं: झाडाखाली झोपलेला माणूस, त्याला उठवणारा माणूस. "तो मला उठवतो. रोज. मी जागा आहे हे त्याला सांगता येत नाय."

कफीलने हे दोन हंगाम ऐकलं होतं आणि त्याला ते गाणं वाटत होतं. मग तो काठी टेकत खांबापर्यंत गेला. ऊन मावळत होतं आणि गव्हाची जुनी वर्तुळं सावल्यांनी भरत होती. बटन त्याने स्वतःच्या हाताने बंद केलं.

"पीक गेलं तर जाऊ दे," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाला चाकरीला ठेवणं बरं नव्हे. खलास."

ती शांतता मला अजून आठवते. पोपटसुद्धा ओरडत नव्हते. चाचा खांबाला हात लावून उभा होता. बराच वेळ त्याची मान एका बाजूला कललेली होती, हाकेची वाट पाहत असल्यासारखी. मग तो खाली बसला आणि रडला, आणि कफील त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला, ज्याला त्या भागात सभ्यता म्हणतात.

महिन्याभरात चाचा गेला. तबूकच्या विमानतळावरून त्याने मला फोन केला. मागे विमानांच्या सूचना ऐकू येत होत्या, आणि प्रत्येक सूचनेला तो बोलणं थांबवत होता.

सप्टेंबरात काढणी झाली. पक्ष्यांनी केलेल्या नुकसानीचा आकडा बँकेच्या नियमाप्रमाणे मीच भरला. तो आदल्या, कर्णा चालू असलेल्या वर्षाइतकाच होता.