साहेबाचं यंत्र आणि चौदा माणसांचं धुणं

लग्न होऊन मी गिरगावातल्या दोन खोल्यांतून प्रभादेवीच्या मोठ्या घरात आले, त्याला चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा मामंजींनी कपडे धुण्याचं यंत्र आणलं. मामंजी म्हणजे माझे सासरे. सरकारी खात्यातून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतरही रोज साडेनऊला पांढरंशुभ्र धोतर नेसून, कोट घालून, कुठेही न जाणारे. पेडर रोडवरचा एक गोरा साहेब बिऱ्हाड मोडून विलायतेला निघाला होता. त्याच्या सामानाच्या लिलावात मामंजी पुस्तकांचं कपाट बघायला गेले, आणि हातगाडीवरून घरी आलं ते चार पायांचं, गोल पोटाचं, पांढरं यंत्र. वर दोन रबरी रूळ बसवलेले. त्यांच्यामधून ओला कपडा सरकवायचा आणि दांडा फिरवायचा, की तो पिळून बाहेर.

"साहेबाकडे आठ वर्षं चाललं. एकदाही बिघडलं नाही," मामंजी म्हणाले. "आपल्याकडे वीस वर्षं जाईल."

साहेबाच्या घरी साहेब आणि त्याची मडम, अशी दोन माणसं. आमच्या घरी चौदा. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण नव्या सुनेने भागाकार बोलून दाखवायचा नसतो.

यंत्राबरोबर एक इंग्रजी पुस्तिका होती. घरात इंग्रजी वाचणारे सहा पुरुष होते. पण पुस्तिका धुण्याची असल्यामुळे ती माझ्याकडे आली. मी इंटर सायन्स झाले होते. "शिकलेली सून आणल्याचा उपयोग झाला," असं सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, तो हा.

आमचं धुणं तोवर परळच्या चाळीतून येणारी एक बाई धूत असे. तिला सगळे मावशी म्हणायचे. मामंजींनी तिला बोलावून यंत्र दाखवलं आणि उद्यापासून यायचं कारण नाही, असं सांगितलं. तिने यंत्राभोवती एक फेरी मारली, झाकण उघडून आत डोकावून पाहिलं.

"कॉलर घासतं का हे?"

"सगळं करतं," मामंजी म्हणाले.

"बरं," असं म्हणून तिने चपला घातल्या. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर फार नाही. त्या घरात माझी म्हणावी अशी ती पहिलीच वस्तू होती.

पहिले दोन महिने मी अगदी राणीसारखी वागले. शेजारणी बघायला यायच्या. मी बटण दाबायचे, आतला पंखा घुसळायला लागायचा, फेस वर यायचा, बायका मागे सरायच्या. पण एक गोष्ट कोणी धरून चाललं नव्हतं. मावशी होती तेव्हा तिच्या तोंडाला भिऊन सगळे एक सदरा दोन दिवस घालायचे. यंत्राला तोंड नव्हतं. आता सकाळचा सदरा संध्याकाळी टाकीत. सासूबाईंनी माळ्यावरच्या गोधड्या काढल्या. घोडपदेवला राहणारी माझी नणंद दर रविवारी मुलांबरोबर दोन गाठोडी घेऊन माहेरी येऊ लागली. "तुला काय, बटणच तर दाबायचं," असं ती म्हणायची. मी रोज चार घाणे काढत होते, कधी पाच. पाणी बादल्यांनी भरायचं, बादल्यांनी उपसायचं. सदऱ्यांची बटणं रुळात फुटायची, ती दुपारी मीच लावत बसायचे. एकदा सासूबाईंचं नऊवारी लुगडं रुळाभोवती असं गुंडाळलं गेलं की सोडवायला तीन माणसं लागली, आणि सासूबाई सबंध वेळ "फाडू नका, फाडू नका" म्हणत बाजूला उभ्या.

पाचव्या महिन्यात आतला पट्टा तुटला. दुरुस्त करणारा कोणी सापडेना. शेवटी आमच्या यांनी सांगितलं, की मावशीचा नवरा परळच्या एका गिरणीत फिटर आहे. मामंजींनी दोन दिवस ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी धुण्याचा ढीग मोरीच्या दारापर्यंत आला, तेव्हा त्यांनी निरोप धाडला.

रविवारी फिटर आले. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. बरोबर मावशीही आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण जा म्हणायचीही कोणाची हिंमत नव्हती. त्यांनी यंत्र आडवं केलं, तुटलेला पट्टा हातात धरून विचारलं, "रोज किती वेळ चालवता?"

मी सांगितलं.

"वैनी, गिरणीतल्या कापड विणायच्या साच्यालासुद्धा आठवड्याची सुट्टी असते."

मावशी भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मलापण नव्हती." आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मामंजींना एकाएकी वर्तमानपत्र वाचायचं आठवलं.

गिरणीतल्या टाकाऊ पट्ट्याचा तुकडा बसवून त्यांनी यंत्र चालू करून दिलं. पुढे ते दर एक-दोन महिन्यांनी येऊ लागले. कधी पट्टा, कधी रुळाचं चिरलेलं रबर, कधी पंख्याखालून गळणारं पाणी.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आमच्या गल्लीतही भिंतीवर रोज नवी अक्षरं उमटत. माझे धाकटे दीर कॉलेजात होते. ते घरी जेवण्यापुरते यायचे, बाकी वेळ सभा आणि मोर्चे. मामंजींचं मत ठरलेलं होतं. "मुंबई महाराष्ट्रात यायला हवी, असं मलाही वाटतं. पण वाटणं वेगळं आणि पेन्शन वेगळी." घरातला विषय तिथे संपायचा.

दिल्लीचा कोणी मंत्री येणार होता, त्याला काळी निशाणं दाखवायची होती. आदल्या दुपारी भावोजी मांजरपाटाचं एक अख्खं ठाण आणि काळ्या रंगाच्या पुड्या घेऊन मोरीपाशी आले.

"वहिनी, दोन तासांत एवढं रंगवायचं तर हाताने होणार नाही."

"मामंजी काय म्हणतील?"

"झोपलेत. आणि नंतर धुऊन टाकू की. धुण्याचंच तर यंत्र आहे!"

त्या युक्तिवादात मला तेव्हा काही खोट दिसली नाही. खरं तर मलाही मोर्चाला जायचं होतं, आणि जाता येत नव्हतं. बटण मीच दाबलं. गरम पाण्यात ते कापड काळंभोर होत गेलं, तशी मी झाकण उघडं ठेवून बघत राहिले. नंतर मी टाकी तीनदा धुतली. चौथ्यांदा पाणी स्वच्छ आलं. समाधानाने मी मामंजींची पाचही धोतरं आत टाकली.

रबराने, पट्ट्याने, पंख्याच्या सांध्यांनी रंग धरून ठेवला होता. धोतरं बाहेर आली ती पावसाळी आभाळाच्या रंगाची. सोड्यात उकळली, लिंबू चोळलं, नीळ घातली. नीळ घातल्यावर आणखी वाईट दिसायला लागली.

मामंजींनी सकाळी धोतर हातात घेतलं, उजेडात धरलं, माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत सगळं सांगितलं, भावोजींचं नाव वगळून. त्यांनी धोतर एकदा झटकलं. दुसरं नव्हतंच, म्हणून तेच नेसून संध्याकाळी शिवाजी पार्ककडे फिरायला गेले.

परत आले तेव्हा चेहरा विचित्र दिसत होता. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"लोकांनी हात जोडले," ते म्हणाले. "एकाने हार घातला. म्हणाला, सरकारी पेन्शनर असून काळं धोतर नेसून उघड निषेध करता, धन्य तुमची! मी सांगणार होतो, अहो, धुण्यात झालं. पण तोवर घोषणा सुरू झाल्या."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? दिली एक."

त्या रात्री जेवताना ते नेहमीपेक्षा एक पोळी जास्त जेवले. मी पांढरी धोतरं आणायचं सुचवलं, तर म्हणाले, "घाई नाही." पुढच्या सभेला ते भावोजींबरोबर गेले, करड्या धोतरात. घसा बसवून आले. पेन्शनीला काही झालं नाही. त्यांच्या धोतराचा रंग सरकारच्या नजरेत भरलाच नसावा. मला वाटतं, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

यंत्र मात्र त्यानंतर सावरलं नाही. दिवाळीच्या साफसफाईत पडदे घातले असताना आतून कडकड आवाज आला आणि पंखा थांबला. फिटरनी खालचा भाग उघडून एक पितळी चाक माझ्या हातावर ठेवलं. त्याचे दाते झिजून गुळगुळीत झाले होते.

"हे आता मिळायचं नाही," ते म्हणाले. "साहेबाकडे आठ वर्षांत फिरलं नसेल तेवढं इथे दोन वर्षांत फिरलंय. तेल घालत होता?"

पुस्तिकेत तेलाचं पान होतं. मी ते वाचलं होतं. पण तेल घालायचं तर यंत्र एक दिवस बंद ठेवावं लागे, आणि एक दिवस बंद ठेवलं तर साठलेल्या धुण्यावरून सबंध घर माझ्याकडे बघे. मी खोटं बोलले. "हो," म्हणाले. त्यांनी चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विषय वाढवला नाही.

मामंजी पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगत, "विलायती माल! तक्रारीला जागा नाही." यंत्र भंगारवाल्याने नेलं.

मावशी परत आली, पण आपल्या अटींवर. माणशी दिवसाला दोन कपडे, गोधड्या वर्षातून एकदा, आणि बाहेरची गाठोडी अजिबात नाहीत. मामंजींनी एकेका अटीला मान हलवली. नणंद महिनाभर आली नाही.

माझ्या सकाळी एकाएकी रिकाम्या झाल्या. पहिले काही दिवस मी मोरीच्या दारात उगीच उभी राहायचे. मग दादरच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञानाला बाई हव्या आहेत असं कळलं, आणि मी यांना न विचारता अर्ज केला. नोकरी लागली. शाळेत निघाले तेव्हा मावशी सदऱ्याच्या कॉलरला साबण लावत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "वैनी, जरा निऱ्या सावरा, इथे सगळं ओलं आहे." मी निऱ्या उचलून धरल्या आणि तिच्या बाजूने बाहेर पडले.